नाना पटोलेंचा राजीनामा चूक होता, पण सांगितले जाते त्या कारणासाठी नाही

महाविकास आघाडीचे सरकार का पडले, हा विषय निघाला की चर्चा फिरून एकाच वाक्यावर येते: नाना पटोलेंनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले नसते तर सरकार वाचले असते. हे फक्त चहाच्या टपरीवर बोलले जात नाही. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर अजित पवारांनी जाहीरपणे सांगितले की हा राजीनामा विचारपूस न करता दिला गेला आणि अध्यक्ष जागेवर असते तर एकनाथ शिंदेंसोबतचे 16 बंडखोर आमदार अपात्र ठरले असते. ‘सामना’नेही त्या राजीनाम्याला सरकारच्या अडचणींची सुरुवात म्हटले. काँग्रेसवाले उलट विचारतात की बंड शिवसेनेत झाले, आमदार शिवसेनेचे फुटले, मग खापर आमच्यावर का? अशी ही चर्चा दोन पक्षांच्या हिशेबाची होऊन बसली आहे. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत. पटोलेंचा राजीनामा चूकच होता. पण तो सरकार पडल्यामुळे चूक ठरत नाही. सरकार आणखी 20 वर्षे टिकले असते तरी तो चूकच राहिला असता, कारण त्यात सभागृहाचे सर्वोच्च पद पक्षाच्या सोयीची जागा म्हणून वापरले गेले. आणि ‘आपला’ अध्यक्ष खुर्चीत नव्हता म्हणून हळहळणारे त्या पदाचा त्याहून मोठा अवमान करत आहेत.

आधी माणूस समजून घेऊ, कारण पटोले हे खुर्चीला चिकटून बसणारे राजकारणी नाहीत. भंडारा जिल्ह्यातला हा नेता काँग्रेसमधून आमदार झाला, शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पक्षाशी बिनसल्यावर बाहेर पडला, भाजपमध्ये गेला आणि 2014 मध्ये भंडारा-गोंदियात प्रफुल्ल पटेलांसारख्या मातब्बराला हरवून लोकसभेत पोहोचला. डिसेंबर 2017 मध्ये त्यांनी खासदारकी आणि भाजप दोन्ही सोडले. केंद्रात आणि राज्यात आपल्याच पक्षाची सत्ता असताना, शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पंतप्रधानांशी मतभेद जाहीर करून खासदारकी सोडणारे किती जण आपण पाहिले? 2019 मध्ये ते नागपुरात नितीन गडकरींसमोर उभे राहिले आणि हरले. त्याच वर्षी साकोलीतून विधानसभेत आले आणि 1 डिसेंबर 2019 रोजी भाजपच्या किसन कथोरेंनी अर्ज मागे घेतल्यावर अध्यक्षपदी बिनविरोध निवडले गेले. 8 जानेवारी 2020 रोजी जातनिहाय जनगणनेचा ठराव त्यांनी सभागृहात मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. मतदान यंत्रासोबत मतपत्रिकेचा पर्याय मिळावा म्हणून कायदा करण्याच्या सूचनाही त्यांनी दिल्या. अध्यक्षाने इतके सक्रिय असावे का, यावर वाद होऊ शकतो. पण खुर्चीत बसून ते निवांत झाले होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. 4 फेब्रुवारी 2021 रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी बाळासाहेब थोरातांच्या जागी प्रदेशाध्यक्ष म्हणून त्यांचे नाव जाहीर झाले.

आता ‘राजीनामा नसता तर’ या युक्तिवादाकडे येऊ. त्यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. अध्यक्षपद रिकामे होते, म्हणूनच शिंदे-फडणवीस सरकारला शपथविधीनंतर तिसऱ्या दिवशी, 3 जुलै 2022 रोजी, राहुल नार्वेकरांना 164 विरुद्ध 107 मतांनी अध्यक्ष करता आले. पद भरलेले असते तर आधीच्या अध्यक्षांना हटवावे लागले असते. त्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 179 नुसार किमान 14 दिवसांची नोटीस आणि सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत लागते. 3 जुलैच्याच रात्री नव्या अध्यक्षांनी ठाकरेंच्या बाजूच्या अजय चौधरी आणि सुनील प्रभू यांच्याऐवजी एकनाथ शिंदे यांना गटनेते आणि भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून मान्यता दिली. गोगावलेंना दिलेली मान्यता बेकायदेशीर होती, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे 11 मे 2023 च्या निकालात म्हटले, पण तोवर पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले होते. रिकाम्या खुर्चीमुळे नव्या बहुमताची वाट मोकळी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ‘सरकार वाचले असते’ हे त्यातून सिद्ध होत नाही. 25 जून 2022 रोजी उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी 16 आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या, तेव्हा त्यांना कशाने अडवले? 2016 च्या नबाम रेबिया निकालाने. ज्या अध्यक्षाला हटवण्याची नोटीस प्रलंबित आहे, त्याने अपात्रतेचा निर्णय करू नये, असे तो निकाल सांगत होता. बंडखोरांनी झिरवाळांना हटवण्याची नोटीस आधीच पाठवली होती आणि 27 जूनला सर्वोच्च न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी 12 जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. झिरवाळांच्या जागी पटोले असते तर बंडखोरांनी हीच नोटीस त्यांना पाठवली नसती का? ईमेलवरचा पत्ता बदलला असता, एवढाच फरक. न्यायालयाने मुदतही तशीच वाढवून दिली असती. आणि 29 जूनच्या रात्री उद्धव ठाकरेंनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला, हा निर्णय तर पूर्णपणे त्यांचा होता. राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश चुकीचा ठरवूनही, ठाकरेंनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे त्यांना पुन्हा पदावर बसवता येत नाही, असे घटनापीठाने सांगितले. थोडक्यात, पटोले खुर्चीत असते तर आघाडीला फार तर दोन आठवडे मिळाले असते. पक्षाचे दोन तृतीयांशाहून अधिक आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला जाऊन बसल्यावर दोन आठवड्यांत सरकार वाचते, असे ज्यांना वाटते त्यांनी ते कसे वाचले असते हेही सांगावे.

या युक्तिवादातला सगळ्यात घातक भाग मात्र वेगळा आहे. ‘अध्यक्ष असते तर 16 जण अपात्र झाले असते’ या वाक्यात निकाल आधीच लागलेला आहे. सुनावणी नाही, पुरावा नाही, दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकणे नाही. अध्यक्ष आपला, म्हणजे निकाल आपला. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अध्यक्ष हा न्यायाधिकरणासारखे काम करतो. न्यायाधीश आमचा असता तर खटला आम्ही जिंकला असता, असे कोणी न्यायालयाबद्दल बोलले तर आपल्याला धक्का बसेल. विधानसभा अध्यक्षाबद्दल तेच वाक्य राज्यातला एक वरिष्ठ नेता माध्यमांसमोर बोलतो आणि आपण त्याला राजकीय विश्लेषण म्हणतो. मग 10 जानेवारी 2024 रोजी नार्वेकरांनी दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र न ठरवता शिंदेंचीच शिवसेना खरी असल्याचा निकाल दिला, तेव्हा पक्षपाताचा आरोप करण्याचा नैतिक अधिकार या मंडळींकडे किती उरतो? तो निकाल मलाही पटलेला नाही. पण विरोध करायचा तर तो पद्धतीलाच करावा लागेल. आपल्या बाजूने झुकलेला अध्यक्ष चालतो आणि दुसऱ्या बाजूने झुकलेला चालत नाही, या भूमिकेत तत्त्व कुठेच नाही.

खरे तर 4 फेब्रुवारी 2021 च्या राजीनाम्यापेक्षा त्यानंतरचे जवळपास 17 महिने मला अधिक गंभीर वाटतात, आणि त्यांची चर्चा सगळ्यात कमी होते. अनुच्छेद 178 सांगतो की पद रिकामे झाले की विधानसभेने शक्य तितक्या लवकर दुसरा अध्यक्ष निवडावा. मार्च 2021 चे अर्थसंकल्पी अधिवेशन आले आणि गेले. कोरोनाचे कारण होते, पण अर्थसंकल्प मंजूर करायला जे सभागृह जमू शकते, ते अध्यक्ष निवडायला का जमू शकत नाही? जुलैमध्ये दोन दिवसांचे पावसाळी अधिवेशन झाले, तेव्हाही निवडणूक टळली. खरी भीती गुप्त मतदानाची होती. तीन पक्षांचे आमदार पेटीत नेमके काय टाकतील, याची खात्री तिन्ही नेतृत्वांना नव्हती. म्हणून डिसेंबर 2021 मध्ये नियमच बदलला आणि गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाची तरतूद केली. तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आडवे आले. नियमबदलाच्या घटनात्मकतेवर बोट ठेवून त्यांनी निवडणुकीच्या तारखेला संमती दिली नाही आणि सरकारने पत्रापत्री करून माघार घेतली. सहा महिन्यांनी सरकार बदलले. याच राज्यपालांनी याच बदललेल्या नियमाखाली नव्या अध्यक्षांची निवडणूक काही दिवसांत होऊ दिली. आमदारांनी जागेवर उभे राहून उघड मते दिली आणि आघाडीने स्वतःच्या बचावासाठी केलेला नियम तिच्याच विरोधकांच्या कामी आला.

कोश्यारींच्या वागण्याचे समर्थन करता येत नाही, हे मी स्पष्टच लिहितो. डिसेंबरमध्ये जो नियम त्यांना घटनाबाह्य वाटत होता, तो जुलैमध्ये चालला, याचे कारण दोन्ही वेळी मंत्रालयात कोण बसले होते यापलीकडे दिसत नाही. पण राज्यपालांनी अडवले ते डिसेंबरमध्ये. त्याआधीचे दहा महिने कोणी अडवले होते? राष्ट्रवादी आणि शिवसेनेला काँग्रेसच्या वाट्याचे पद आता पुन्हा वाटाघाटीला आले असे वाटत होते, आणि स्वतः शरद पवारांनी अध्यक्षपदाची चर्चा आता नव्याने होईल असे संकेत दिले होते. काँग्रेसला नाव ठरवता येत नव्हते. तिन्ही पक्षांनी मिळून एक घटनात्मक पद महामंडळाच्या नेमणुकीसारखे लटकवून ठेवले. त्यामुळे सगळा दोष पटोलेंच्या माथी मारणे या तिघांनाही सोयीचे आहे.

या 17 महिन्यांचे परिणाम फक्त जून 2022 मध्ये दिसले असेही नाही. 5 जुलै 2021 रोजी तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्षांऐवजी तात्पुरते कामकाज चालवणारे सदस्य, म्हणून भास्कर जाधव कामकाज पाहत असताना गोंधळ झाला आणि भाजपच्या 12 आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्याचा ठराव मंजूर झाला. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन करता येत नाही, मतदारसंघ वर्षभर प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. दालनात आणि व्यासपीठावर घडलेला तो प्रकार मी सौम्य मानत नाही. पण पूर्णवेळ अध्यक्ष असता, गटनेत्यांना दालनात बोलावून विषय मिटवू शकणारा, सभागृहाची प्रतिष्ठा स्वतःची मानणारा, तर 12 जणांना वर्षभर बाहेर काढण्यापर्यंत गोष्ट गेली असती का? खुर्चीत कोणीतरी बसलेले असणे आणि त्या खुर्चीला अध्यक्ष असणे यात फरक आहे. 12 मतदारसंघांतल्या लोकांनी तो सात महिने भोगला.

पटोलेंच्या बाजूने मांडता येईल असा सगळ्यात भक्कम मुद्दा आता घेतो. त्यांनी निदान आधी राजीनामा दिला, मग पक्षाचे काम हाती घेतले. अध्यक्षपदावर राहून पक्षाचे राजकारण करणारे या देशात कमी नाहीत. त्यांच्या तुलनेत उघडपणे पद सोडून पक्षात जाणारा माणूस प्रामाणिकच म्हणावा लागेल. राजीनाम्याचा अधिकारही घटनेनेच दिला आहे. हा मुद्दा मला मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. पुढचा अर्धा भाग असा की अध्यक्षाच्या निःपक्षपातीपणावर लोकांचा विश्वास तो फक्त आज काय करतो यावरून बसत नाही. उद्या तो कुठे जाणार आहे, हेही लोक पाहतात. आज माझ्या लक्षवेधी सूचनेवर निर्णय देणारा माणूस परवा माझ्या विरोधी पक्षाचा प्रदेशाध्यक्ष होऊ शकतो, हे माहीत असताना मी त्याच्या निर्णयाकडे कसे पाहू? आणि पक्षश्रेष्ठींचा एक निरोप येताच जो खुर्ची सोडू शकतो, तो खुर्चीत असताना त्या श्रेष्ठींचे कितपत ऐकत असेल, ही शंका मागे जाऊन त्याच्या सगळ्या निर्णयांना चिकटते. पटोलेंच्या 14 महिन्यांतल्या चांगल्या कामावरही ती चिकटली, हा त्यांनी स्वतःवर केलेला अन्याय आहे.

हा आजार जुना आहे. नीलम संजीव रेड्डी 1967 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी काँग्रेसच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. तो फार मोठा आदर्श होता. पण 1969 मध्ये त्यांनीच अध्यक्षपद सोडले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. व्ही. व्ही. गिरींनी त्यांना हरवले आणि पक्ष फुटला. पक्षाबाहेर पडून मिळवलेली प्रतिष्ठा पक्षाच्याच भांडणात खर्च झाली. गुरदयालसिंग धिल्लाँ यांनी तर आणीबाणीत, डिसेंबर 1975 मध्ये, अध्यक्षपद सोडून केंद्रात मंत्रिपद घेतले. विरोधी नेते तुरुंगात असताना ज्या सभागृहाचे रक्षण करायचे, त्याचा अध्यक्ष सरकारात जाऊन बसतो, यापेक्षा स्पष्ट संदेश काय असू शकतो? महाराष्ट्रातही मंत्री, मग अध्यक्ष, मग पुन्हा मंत्री अशी वाट मळलेली आहे. पटोलेंनी नवे काही केले नाही, रुळलेल्या वाटेने ते गेले. त्या आधारे त्यांना सूट देता येईल, वाटेला नाही.

दुसऱ्या वाटेने गेलेलेही आहेत. विठ्ठलभाई पटेल 1925 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. त्यांनी 1930 मध्ये पद सोडले ते स्वातंत्र्यलढ्यात उतरण्यासाठी, पुढे तुरुंग आहे हे माहीत असताना. 2008 मध्ये अणुकरारावरून माकपने संपुआचा पाठिंबा काढला, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष असलेल्या सोमनाथ चटर्जींवर पद सोडण्यासाठी त्यांच्या माकपचा दबाव होता. त्यांनी नकार दिला, 22 जुलैच्या विश्वासदर्शक ठरावाचे कामकाज चालवले आणि दुसऱ्या दिवशी पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. आयुष्यभराचा पक्ष गेला, पण सभागृहाचा अध्यक्ष सभागृहाचाच राहिला. ब्रिटनमध्ये 2009 मध्ये मायकेल मार्टिन यांना खासदारांच्या खर्चाच्या घोटाळ्यावरून स्पीकरपद सोडावे लागले. 1695 नंतर असे पहिल्यांदाच घडले. मार्टिन गेले कारण सभागृहाचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. पक्षाला त्यांची दुसरीकडे गरज होती म्हणून ते गेले नाहीत, आणि गेल्यावर त्यांच्या पक्षाने त्यांना संघटनेच्या कामाला जुंपलेही नाही. आपल्याकडे उलटे आहे. सभागृहाचा विश्वास असो वा नसो, पक्षाचा हुकूम पुरेसा असतो.

1 जुलै 2025 रोजी सत्ताधारी नेत्यांच्या शेतकऱ्यांबद्दलच्या वक्तव्यांवरून विधानसभेत गदारोळ झाला, पटोले अध्यक्षांच्या आसनापर्यंत गेले आणि नार्वेकरांनी त्यांना दिवसभरासाठी निलंबित केले. शेतकऱ्यांसाठी त्यांचा संताप खरा आहे, हे त्यांची पूर्ण कारकीर्द सांगते. पण ज्या आसनावर आपण बसलो होतो, त्या आसनाचा मान राखा असे सांगायला आज सभागृहात माजी अध्यक्ष म्हणून त्यांचा आवाज सर्वात वजनदार असायला हवा होता. तो तसा नाही, कारण त्यांनी ते पद मधला टप्पा म्हणून सोडले. प्रदेशाध्यक्ष म्हणून त्यांच्या काळात काँग्रेसने 2024 मध्ये राज्यात लोकसभेच्या 13 जागा जिंकल्या आणि काही महिन्यांतच विधानसभेत पक्ष 16 वर आला. स्वतः पटोले साकोलीत 208 मतांनी वाचले. पक्षालाही त्या अदलाबदलीतून कायमचे काही मिळाले नाही.

यावर उपाय आहेत आणि ते नवीन नाहीत. महाराष्ट्र विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1960 च्या दशकातच सुचवले होते की निःपक्षपातीपणे काम केलेल्या अध्यक्षाला पुढच्या सभागृहातही पदावर राहू द्यावे. रोजगार हमी योजनेसाठी आपण पाग्यांचे नाव अभिमानाने घेतो, त्यांच्या या सूचनेची मात्र कोणाला आठवण नाही. पक्षांतराचे निर्णय अध्यक्षाकडे ठेवू नयेत, हा मुद्दा 1992 च्या किहोटो होलोहान खटल्यातच दोन न्यायमूर्तींनी अल्पमताच्या निकालात मांडला होता, कारण अध्यक्षाचे पद बहुमताच्या पाठिंब्यावर टिकते. जानेवारी 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करा, असे संसदेला सांगितले. संसदेने काही केले नाही. करेल कशी? 17 व्या लोकसभेने आपल्या पूर्ण मुदतीत उपाध्यक्षच निवडला नाही. घटनात्मक पदे रिकामी ठेवण्यात दिल्ली आणि मुंबई, भाजप आणि आघाडी यांच्यात फरक करता येणार नाही.

घटनादुरुस्ती होईल तेव्हा होईल. पण महाराष्ट्र विधानसभा आजच स्वतःच्या नियमांत दोन गोष्टी घालू शकते. अध्यक्षपद रिकामे झाल्यापासून 30 दिवसांत, किंवा अधिवेशन नसेल तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, निवडणूक घेणे बंधनकारक करावे, आणि तोपर्यंत दुसरे कोणतेही कामकाज घेऊ नये. शिवाय अध्यक्षपद स्वीकारणाऱ्याने त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत पक्षसंघटनेतले पद किंवा मंत्रिपद घेणार नाही, असे सभागृहासमोर जाहीर करण्याची प्रथा सुरू करावी. प्रथा कायद्याइतकी बांधून ठेवत नाही, हे खरे. पण जाहीर दिलेला शब्द मोडणाऱ्याला पुढच्या प्रत्येक निवडणुकीत त्याचे उत्तर द्यावे लागेल, आणि पटोलेंना असे उत्तर आजवर कोणीच मागितले नाही. डिसेंबर 2021 मध्ये बहुमत टिकवायचे होते, तेव्हा नियम काही दिवसांत बदलता आला. हे दोन बदल मांडायला एखाद्या आमदाराचे अशासकीय काम पुरेसे आहे, आणि त्याची सुरुवात पटोलेंनी स्वतः केली तर त्यांच्या शब्दाला इतर कोणापेक्षाही जास्त वजन येईल.